मुलीला पायलट व्हायचंय, मग एनसीसी एअर विंगसाठी कॉलेज बदलावं का?

नमस्कार दादा. प्रश्न वाचला. मुलगी यंदा बारावी सायन्स होऊन एफवायला जातेय, पुण्यात दोन कॉलेजांत ॲडमिशन मिळतेय, एकात एनसीसीची एअर विंग आहे पण कॉलेज थोडं डावं वाटतं, दुसरं कॉलेज चांगलं पण तिथे फक्त आर्मी विंग. मुलीला पायलट व्हायचंय. आणि तुम्ही विचारताय की एअर विंगसाठी पहिलं कॉलेज घ्यावं का, विमान खरंच उडवायला मिळतं का, आणि अभ्यास बुडतो का.

मी चौदा वर्षं एका कॉलेजमध्ये एअर विंगची एएनओ, म्हणजे कॅडेट सांभाळणारी एनसीसी अधिकारी आहे, फिजिक्स शिकवते, आणि कॉलेजात असताना स्वतःही एअर विंगची कॅडेट होते. दर जुलैमध्ये हाच प्रश्न घेऊन आईवडील येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही कॉलेजबद्दल विचारलंय, पण मला वाटतं त्याच्या आत एक वेगळा प्रश्न आहे, तो म्हणजे एअर विंग ही पायलट होण्याची वाट आहे का. तशी ती सरळ वाट नाही. एअर विंगमधून कुणी पायलट होऊन बाहेर पडत नाही. तिथे तीन वर्षांत मुलाला कळतं की आपल्याला विमान आवडतं की विमानाची कल्पना आवडते, आणि ते आयुष्य, ती शिस्त, ते पहाटे उठणं झेपतं की नाही. हे वयाच्या अठराव्या वर्षी कळणं फार मोलाचं आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. पण त्यासाठी कॉलेजची डिग्री पणाला लावायची का, हे कशाकशावर अवलंबून आहे ते सांगते.

आधी एक काम करा, कॉलेजचा विचार त्यानंतर. मुलीची उंची मोजा आणि डोळे तपासून घ्या. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते, शिवाय पायाची लांबी आणि बसल्यावरची उंचीही मोजतात कारण कॉकपिटमध्ये बसून पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत. नजरेचे निकष कडक आहेत, जवळचं नीट आणि लांबचं धूसर दिसतं म्हणून चष्मा असेल तर अडचण येते, रंग ओळखण्यात दोष असेल तर विषयच संपतो. माझ्याकडे एक मुलगा होता, तीन वर्षं एकही परेड चुकवली नाही, आणि मेडिकलला जाऊन त्याला पहिल्यांदा कळलं की लाल-हिरव्यात त्याची गफलत होते. ती तपासणी एखाद्या चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दहा मिनिटांत झाली असती. तेव्हापासून मी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना डोळे तपासून यायला सांगते. एनसीसीत भरती व्हायला हे निकष लागत नाहीत हं, चष्मा असला तरी एअर विंगमध्ये घेतात. हे सगळं पुढच्या स्वप्नासाठी.

आता विमानाबद्दल. हो, मिळतं उडवायला, पण किती ते ऐकून घ्या. एअर स्क्वॉड्रनकडे, म्हणजे एअर विंगच्या युनिटकडे, मायक्रोलाइट विमानं असतात, दोन सीटची, एक इंजिन, शेजारी शेजारी बसायचं. पूर्वी झेन एअर होती, नंतर पिपिस्ट्रेल व्हायरस नावाची स्लोव्हेनियाची विमानं आली. शेजारी बसतो तो हवाई दलाचा पायलट. कॅडेटला वर नेतात, थोडा वेळ कंट्रोल हातात देतात, स्टिक पुढे केली की नाक खाली, मागे ओढली की वर, डावीउजवीकडे केली की पंख कलतो, हे स्वतःच्या हाताने बघायला मिळतं. माझ्या मुलांना एका खेपेला पंधरा-वीस मिनिटं मिळतात आणि अशा खेपा तीन वर्षांत किती होतील हे हवामान, विमानांची उपलब्धता, त्या वर्षी पायलट किती आहेत, कॉलेज एअरफील्डपासून किती लांब, यावर ठरतं. आमच्या एका बॅचला भरपूर मिळालं, पुढच्या बॅचला वर्षभर जवळजवळ काहीच नाही. पावसाळ्यात तर फ्लाइंग बंदच धरा, आणि एरवीही सकाळचंच, कारण ऊन चढलं की जमीन तापून हवा वर उसळते आणि एवढं हलकं विमान त्यात पतंगासारखं हेलकावतं.

तुलना म्हणून सांगते, कमर्शियल पायलटच्या लायसनला २०० तास उड्डाण लागतं. एनसीसीत आपण मिनिटांत मोजतो. त्यामुळे "एअर विंगमध्ये फुकटात पायलट ट्रेनिंग" असं कुणी सांगत असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

पण ती पंधरा मिनिटं काय करतात ते मी इतक्यांदा पाहिलंय की त्यांना कमी लेखूच शकत नाही. पहिल्यांदा कंट्रोल हातात आला की जवळजवळ सगळीच मुलं स्टिक मुठीत आवळून धरतात, बोटं पांढरी पडतात, आणि विमान वरखाली व्हायला लागतं, मग ते सावरायला अजून जोरात ओढतात. पायलट म्हणतो दोन बोटांनी धर, आणि विमान आपोआप सरळ होतं. खाली उतरल्यावर त्या मुलाचा चेहरा बघावा. काही उतरल्या उतरल्या विचारतात परत कधी, काही गप्प होतात, एकदोघांना उलटी होते आणि त्यांतल्याही काहींना परत जायचं असतं. मला या तिन्ही प्रकारांतून खूप काही कळतं, आणि मुलांना स्वतःबद्दल त्याहून जास्त.

आता उरलेल्या वेळाचं, कारण खरं ट्रेनिंग तेच आहे आणि तुमच्या मुलीला ते आवडेल का हा कळीचा मुद्दा आहे.

परेड असते, आठवड्यातून एकदोनदा, कुठे सकाळी सहाला, कुठे शनिवार-रविवारी, कॉलेजप्रमाणे. ड्रिल, पीटी, मग थिअरी. थिअरीत प्रिन्सिपल्स ऑफ फ्लाइट, इंजिन, हवामान, नेव्हिगेशन, एअरमनशिप, रेडिओवर कसं बोलायचं, असे विषय. फिजिक्सवाल्या मुलीला हे सोपं जाईल. ड्रिल मात्र सुरवातीला सगळ्यांना निरर्थक वाटतं, उन्हात उभं राहून दाहिने मुड बाएं मुड कशासाठी. मलाही वाटायचं. नंतर लक्षात आलं की ज्या मुलाला ऑर्डर पूर्ण ऐकून मगच हलायची सवय लागते तो एअरफील्डवर सुरक्षित असतो. फिरत्या प्रोपेलरच्या जवळ मुलांना नेताना मला फक्त एक गोष्ट हवी असते, थांब म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं. ज्या बॅचचं ड्रिल कच्चं त्या बॅचला मी विमानाजवळ नेताना दुप्पट घाबरलेली असते.

फायरिंग असतं, पॉइंट टू टू रायफल, पोटावर झोपून, पाच राउंड. इथे मुलं एक चूक हमखास करतात, प्रत्येक गोळी मध्यावर मारायला बघतात आणि दर वेळी निशाणा सरकवतात. आम्ही आधी ग्रुपिंग बघतो, म्हणजे पाचही गोळ्या एकमेकांजवळ लागल्या का. मध्यापासून लांब का असेना, पण एकाच जागी लागल्या तर धरणं, श्वास, ट्रिगर सगळं बरोबर आहे, फक्त साइट, म्हणजे रायफलवरची नेम धरायची खूण, जुळवायची. विखुरल्या तर साइटला हात लावून उपयोग नाही.

आणि माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट, एरोमॉडेलिंग. यावर जरा जास्त लिहिते, कारण पालकांना हे खेळणं वाटतं आणि मुलांनाही पहिले दोन आठवडे वाटतं. सुरवात चक ग्लायडरने होते. बाल्साचं लाकूड, इतकं हलकं की हातात काही आहे असं वाटत नाही, ब्लेडने कापायचं, पॉलिश पेपरने पंखाला आकार द्यायचा, चिकटवायचं, आणि नाकाला थोडी क्ले लावून हाताने फेकायचं. पहिलं फेकलं की शंभरातली नव्वद विमानं नाकावर आपटतात किंवा वर चढून, थबकून, परत खाली येऊन, परत वर, अशी झोके घेत जातात. मग मी विचारते, आता काय करायचं? झोके घेतंय म्हणजे शेपूट जड, नाकाला क्ले वाढव. सरळ जमिनीत घुसतंय म्हणजे नाक जड, क्ले काढ. वजनाचा मध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर आला पाहिजे, दोन बोटांवर पंख तोलून बघायचा. पंखांची टोकं थोडी वर उचलून व्हीसारखे बसवले की विमान कललं तरी स्वतःच सरळ होतं. पुस्तकात स्टॉल म्हणजे काय याची व्याख्या पाठ असते सगळ्यांना, पण आपल्या हाताने बनवलेलं विमान आपल्याच चुकीने हवेत थबकून पडताना पाहिलं की मग ते कधी विसरत नाहीत. एका मुलीने एकाच ग्लायडरला एका दुपारी चाळीसेक वेळा फेकलं, प्रत्येक वेळी तांदळाएवढी क्ले कमीजास्त करत, वहीत लिहीत. मला त्या दिवशीच कळलं होतं की ही टिकणार.

पुढे कंट्रोल लाइन येतं. छोटं इंजिन लावलेलं मॉडेल, दोन तारा, हातात हँडल, आणि आपण मध्ये उभं राहून विमान आपल्याभोवती गोल फिरवायचं. मनगट हलवलं की एलिव्हेटर, म्हणजे विमानाला वरखाली नेणारी शेपटीवरची पट्टी, हलतो. नवशिके मनगट फार हलवतात, विमान वर जातं, घाबरून खाली करतात आणि तीन सेकंदांत महिनाभराच्या कामाचे तुकडे होतात. म्हणून शिकवताना मनगट कडक ठेवायला सांगतो, हात खांद्यातून हलवायचा. चक्कर येते, त्यावर उपाय एकच, नजर मॉडेलवर ठेवायची, मागच्या झाडांकडे बघायचं नाही. रेडिओ कंट्रोल त्यानंतर. ज्यांचा हात बसतो ते ऑल इंडिया वायुसैनिक कॅम्पच्या निवडीपर्यंत जातात, तिथे देशभरातले एअर विंगचे कॅडेट येतात. फ्लाइंगची खेप नशिबावर असते, एरोमॉडेलिंग पूर्णपणे मेहनतीवर. म्हणून मी मुलांना सांगते, विमानाची वाट बघत बसू नका, वर्कशॉपमध्ये या.

कॅम्पबद्दल तुम्ही काळजी लिहिलीय, मुलगी कधी घराबाहेर राहिली नाही म्हणून. वार्षिक कॅम्प दहा दिवसांचा असतो, मुलींची राहायची सोय वेगळी, सोबत लेडी एएनओ किंवा गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर. पहाटे उठून पीटी, स्वतःचं ताट घेऊन लाइनीत, स्वतःचे कपडे धुवायचे, रात्री आळीपाळीने पहाऱ्याची ड्युटी. तिसऱ्या दिवशी रडणारी मुलगी नवव्या दिवशी घरी जायला तयार नसते, हे मी इतक्या वर्षांत बघत आलेय. तुम्ही एकच करा, पहिल्या तीन दिवसांत फोनवर "घ्यायला येऊ का" असं विचारू नका.

अभ्यासाचं. बुडतो का? ज्याचा बुडायचा असतो त्याचा बुडतो. नीट सांगायचं तर वर्षातले परेडचे तास सांभाळता येतात, त्रास होतो तो कॅम्प आणि प्रॅक्टिकल एकाच वेळी आले की. रिपब्लिक डे कॅम्पच्या निवडीत पुढे गेली तर मात्र गोष्ट वेगळी, त्यात आधीचे निवडीचे कॅम्प आणि मग जानेवारीत दिल्ली, असे बरेच आठवडे जातात, आणि त्या सेमिस्टरचा विचार घरी बसून आधीच करावा लागतो. कॉलेज सहकार्य करतं का, लॅब परत करू देतं का, हे ॲडमिशनच्या आधी तिथल्या दोन सीनियर कॅडेटना विचारा, ऑफिसात विचारू नका.

सर्टिफिकेट कुठे उपयोगी पडतं ते आता, कारण तुमच्या निर्णयात हे येतं. सीनियर विंगमध्ये दुसऱ्या वर्षाअखेर बी आणि तिसऱ्या वर्षाअखेर सी सर्टिफिकेटची परीक्षा असते, त्यासाठी परेडची ७५ टक्के हजेरी आणि कॅम्प झालेला लागतो. हवाई दलात फ्लाइंग ब्रँचसाठी एनसीसी स्पेशल एन्ट्री आहे, त्यातून शॉर्ट सर्व्हिस कमिशनला, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारी नोकरीला, मुलीही जाऊ शकतात, आणि तिथे एअर विंगचंच सी सर्टिफिकेट लागतं. आर्मी विंगचं चालत नाही. फायदा हा की एएफकॅट ही हवाई दलाची लेखी प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही, थेट एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांना, बोलावतात. पण तिथून पुढे सगळं सारखंच, तीच मुलाखत, तेच ग्रुप टास्क, आणि पायलटसाठी सीपीएसएस नावाची संगणकावरची टेस्ट, जी आयुष्यात एकदाच देता येते. सी सर्टिफिकेट तिथे काही मदत करत नाही.

आता दुसरी बाजू. एअर विंग नसेल तरी दार बंद होत नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आणि ६० टक्क्यांची डिग्री असलेली कुठलीही मुलगी एएफकॅट देऊ शकते, वर्षातून दोनदा होते. आणि वय बसत असेल तर एनडीए, म्हणजे बारावीनंतर थेट सैन्यदलांच्या प्रशिक्षणाला जायची वाटही आहे, मुलींची पहिली तुकडी २०२२ ला खडकवासल्याला दाखल झाली. मुलगी आत्ताच बारावी झाली असेल तर साडेएकोणीस वर्षांच्या आत अजून प्रयत्न करता येतील का ते आजच बघा, कॉलेजच्या गडबडीत ती संधी निघून जाते आणि नंतर मुलं माझ्याकडे येऊन हळहळतात.

म्हणजे हिशोब असा होतो. दोन कॉलेजांत फरक थोडाच असेल, म्हणजे शिक्षक बरे आहेत, लॅब चालतात, फक्त नाव मोठं नाही एवढंच, तर मी माझ्या मुलीला एअर विंगच्या कॉलेजात घातलं असतं. पण त्या कॉलेजात बीएस्सीचे वर्गच होत नसतील तर नको. कारण ६० टक्के आणि पक्कं फिजिक्स दोन्ही वाटांना लागतं, आणि लेखी परीक्षा माफ होण्यासाठी तीन वर्षांचं शिक्षण कच्चं ठेवणं मला पटत नाही. आर्मी विंगमध्ये गेली तरी ड्रिल, फायरिंग, कॅम्प, लोकांना सोबत घेऊन काम करणं, हे सगळं मिळेलच, आणि सी सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडचं असेल तर आर्मीतही स्पेशल एन्ट्री आहे. विमान तेवढं मिळणार नाही.

अजून एक गोष्ट तपासा जी कुणी तपासत नाही. एअर विंग आहे असं कॉलेज सांगतं, पण यंदा मुलींच्या जागा किती रिकाम्या आहेत? जागा ठरलेल्या असतात, सीनियर बॅच पास होऊन गेली की तेवढ्याच भरतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी केवळ एअर विंगसाठी लांबून येऊन ॲडमिशन घेऊन बसली, आणि त्या वर्षी मुलींच्या अगदी मोजक्या जागा होत्या, तिची निवड झाली नाही. मला आजही ते लागून राहिलंय, कारण तिने आधी एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं. तेव्हा फी भरायच्या आधी तिथल्या एएनओंना भेटा, जागा विचारा, मागच्या वर्षी किती कॅडेटना फ्लाइंग मिळालं आणि एरोमॉडेलिंगचं सामान कपाटात आहे की टेबलावर, तेही बघून या. पुणे, मुंबई, नागपूरला एअर स्क्वॉड्रन आहेत, त्यांच्या ऑफिसात गेलात तरी कुठल्या कॉलेजांत विंग आहे ते सांगतात.

निवडीच्या दिवशी धावायला लावतात, थोडे पुशअप्स-सिटअप्स, कुठे छोटी लेखी, मग मुलाखत. आजपासून रोज सकाळी वीस मिनिटं धावायला सांगा, जोरात नाही, न थांबता. मुलाखतीत "देशसेवा करायचीय" हे वाक्य सगळे म्हणतात, ते खोटं असतं असं नाही, पण मी त्यानंतर विचारते की शेवटचं विमान कधी थांबून बघितलंस आणि त्याबद्दल तुला काय प्रश्न पडला. ज्या मुलांना काहीतरी प्रश्न पडलेला असतो त्यांच्यापुढे मी टिक करते. कागदपत्रांत आधार, बारावीची मार्कशीट, फोटो आणि तिच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं तयार ठेवा, युनिफॉर्मचे पैसे आता खात्यात येतात.

तिची उंची, चष्मा असेल तर नंबर आणि जन्मतारखेचं वर्ष-महिना इथेच लिहा, एनडीएचं वयात बसतंय का ते बघून सांगते. आणि जमलं तर उत्तर तिला स्वतःला लिहू द्या.